गटासाठी अवघड ब्लॉक कोणता घ्यावा: आठ टोकांच्या ताऱ्याविषयी

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ दर शनिवारी दुपारी जमणाऱ्या आपल्या अकरा जणींच्या गटाने गेल्या दोन वर्षांत नाइन पॅच, लॉग केबिन आणि सॉटूथ स्टार हे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौरस भाग, केले. आता प्रत्येकीने एकच, पण खरोखर कस लागेल असा ब्लॉक करावा आणि दिवाळीपर्यंत ते जोडून एक मोठी गोधडी पुरी करावी, असे ठरले आहे. त्यासाठी मरिनर्स कंपास (होकायंत्रासारखा अनेक टोकांचा गोल तारा), डबल वेडिंग रिंग आणि जेन स्टिकलच्या गोधडीतले छोटे ब्लॉक अशी तीन नावे पुढे आली आहेत. पाच जणींकडे मशीन आहे, सहा जणी हाताने शिवतात, आणि दोघींची नजर आता बारीक कामाला साथ देत नाही, हेही आपण कळवले आहे.

माझे मत असे की या तिन्हींपैकी एकही घेऊ नये आणि ले मोयन स्टार, म्हणजे आठ तिरप्या चौकोनांचा आठ टोकांचा तारा, १२ इंचांच्या मापात घ्यावा. या मताची कारणे सविस्तर लिहिते, कारण निवड पटली नाही तर चौथ्या शनिवारी काम थंडावते, हे मी एकाहून अधिक गटांत पाहिले आहे.

अवघड ब्लॉक म्हणजे जास्त तुकड्यांचा ब्लॉक, असा समज सर्वत्र आढळतो. जेन स्टिकलची गोधडी पुढे येते तीही बहुधा याच समजुतीतून. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या बाईने १८६३ साली, तिथले यादवी युद्ध चालू असताना, ती पूर्ण केली आणि कोपऱ्यावर स्वतःच्या नावासोबत तुकड्यांची संख्याही टाक्यांनी लिहून ठेवली: ५६०२. मधल्या भागात साडेचार इंचांचे १६९ ब्लॉक आहेत, आणि त्यांचे नमुने एकमेकांहून वेगळे आहेत. आज ती बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. एका व्यक्तीने अनेक वर्षे मन लावून करावे असे ते काम आहे. गटाने त्यातले अकरा ब्लॉक उचलले तर एकीच्या वाट्याला पाच तुकड्यांचा सोपा ब्लॉक येईल आणि दुसरीच्या वाट्याला चाळीस तुकड्यांचा, आणि शिकण्याची गोष्ट दोघींची एक राहणार नाही. शिवाय साडेचार इंचांत चूक लपायला जागाच नसते. आपल्याकडचे सुतार आणि शिंपी ज्याला सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेवढ्याने टोक सरकले तर तिथे ते तुटलेलेच दिसते.

डबल वेडिंग रिंग दिसायला अतिशय सुंदर आहे आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत ती घरोघर शिवली गेली, परंतु ती मुळात ब्लॉकची गोधडी नाही. तिच्यातली वर्तुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एका वर्तुळाची कमान शेजारच्या वर्तुळाचीही कमान असते. त्यामुळे एकीच्या हातातली कसर दोघी-तिघींच्या कामात उतरते, आणि अकरा घरांतून आलेल्या अकरा कमानी एका टेबलावर जुळवायच्या वेळी कोणाची माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) कमी पडली यावरून मने दुखावतात. गटाच्या कामात प्रत्येकीचा ब्लॉक स्वतःच्या चौकटीत पूर्ण व्हायला हवा, ही अट मी कधी सोडत नाही.

मरिनर्स कंपासविषयी मात्र थोडे जास्त लिहावे लागेल, कारण त्याची ओढ मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी चौदा जणींच्या एका गटाला मी ३२ टोकांचा कंपास निवडून दिला होता. त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही कागदावर शिवण्याची सवय नव्हती. या पद्धतीत नमुना कागदावर छापतात, कापड कागदाच्या मागे धरतात, छापील रेघेवर बारीक टीप मारतात आणि शेवटी कागद फाडून काढतात. कागदावरचा नमुना सुलट बाजूच्या उलटा, आरशात दिसावा तसा असतो. झेरॉक्स काढताना यंत्राने नमुना पानात बसवण्यासाठी किंचित लहान केला, हे आमच्या दुसऱ्या महिन्यात लक्षात आले. पाचरींचे कडे तयार झाल्यावर ते गोल भोकात बसवायचे होते, म्हणजे कागदाच्या पाठोपाठ वक्र टीपही नवीनच. दोन अनोळखी कौशल्ये एकाच वेळी समोर आली, चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली ते कोणालाच ओळखता येईना, आणि चौदापैकी तिघींचेच ब्लॉक पूर्ण झाले. ती गोधडी कधीच जोडली गेली नाही. त्यानंतर मी एक नियम पाळत आले: गटाच्या ब्लॉकमध्ये नवी गोष्ट एकच असावी, आणि बाकी सारे सर्वांच्या हातात बसलेले असावे. आपल्या गटात सहा जणी हाताने शिवतात आणि कागदावरची पद्धत मुख्यतः मशीनच्या बारीक टिपेवर चालते, हे कारणही त्यात मिळवावे.

आता आठ टोकांच्या ताऱ्याकडे येते. याला काही ठिकाणी लेमन स्टारही म्हणतात. यात आठ तिरपे चौकोन, कोपऱ्यांत चार चौरस आणि चार बाजूंच्या मध्यावर चार त्रिकोण, असे एकूण सोळाच तुकडे आहेत. सॉटूथ स्टारमध्ये आपण यापेक्षा जास्त तुकडे जोडले आहेत. कस लागतो तो वेगळ्या ठिकाणी. आजवरच्या आपल्या ब्लॉकमध्ये प्रत्येक टीप या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेली. इथे मात्र दोन चौकोन जोडल्यावर त्यांच्यामध्ये एक खाच तयार होते आणि त्या खाचेत तिसरा तुकडा बसवावा लागतो. टीप कडेपर्यंत न नेता पाव इंच आधी थांबवायची, तुकडा वळवायचा आणि दुसरी बाजू नव्याने जोडायची, ही एवढीच नवी गोष्ट आहे. ती एकदा साधली की तीन रंगांच्या ठोकळ्यांचा टम्बलिंग ब्लॉक आणि त्या जातीचे इतर अनेक नमुने खुले होतात.

मशीन नसलेल्या सहा जणी मागे पडतील अशी शंका आपल्या लिहिण्यात जाणवली. या ब्लॉकमध्ये नेमके उलट घडते. हाताने शिवणारी बाई शिवणीची रेघ पेन्सिलने आखते, रेघेच्या सुरुवातीच्या ठिपक्यावर सुई घालते आणि शेवटच्या ठिपक्यावर उलटा टाका घेऊन थांबते. मायेत ती शिवतच नाही. खाचेतला तुकडा बसवण्यासाठी हेच लागते. मशीनवाल्या बायकांना कडेपासून कडेपर्यंत टीप मारण्याची सवय मोडावी लागते, आणि ती सहज मोडत नाही. म्हणून पहिल्या शनिवारी मशीन बंदच ठेवावे, हाताने शिवणाऱ्यांनी एकेका मशीनवालीजवळ बसून एक खाच हातानेच बसवून दाखवावी, असे मी मनापासून सुचवते. ज्या बाईने लहानपणी आईच्या शेजारी बसून वाकळेला धावदोरा घातला आहे, तिचा हात इथे सर्वांना उपयोगी पडेल.

१२ इंचांचे माप मी मुद्दाम सुचवले आहे, कारण या मापात कापण्याचे आकडे फार सोयीचे येतात. ताऱ्याच्या चौकोनाची तयार बाजू साडेतीन इंचांहून केसभर जास्त भरते. त्यामुळे पाव इंच माया धरून चौकोनांसाठी ३ इंच रुंदीच्या पट्ट्या काढाव्यात आणि त्या पट्ट्यांवर ४५ अंशांच्या तिरप्या रेघा, रेघेपासून रेघेपर्यंत काटकोनात मोजून ३ इंच अंतरावर, कापाव्यात. कोपऱ्याचे चौरस ४ इंचांचे. बाजूच्या त्रिकोणांसाठी सव्वासहा इंचांचा एक चौरस घेऊन तो दोन्ही कर्णांवर कापावा, म्हणजे चारही त्रिकोण एकदम मिळतात. पूर्ण झालेला ब्लॉक माया धरून साडेबारा इंच भरला पाहिजे. १० किंवा १४ इंच घेतले तर हेच आकडे सुतांच्या अपूर्णांकांत जातात आणि अकरा घरांत अकरा मापे होतात.

हाताने शिवणाऱ्यांना साचा हवा असेल तर आकडे न मोजताही तो काढता येतो. जाड कागदावर १२ इंचांचा चौरस आखून त्याचे दोन्ही कर्ण आणि उभी-आडवी मध्यरेषा काढावी. भूमितीच्या पेटीतल्या कंपासचे टोक एका कोपऱ्यावर ठेवून पेन्सिल मध्यबिंदूपर्यंत उघडावी, आणि तेच अंतर त्या कोपऱ्यालगतच्या दोन्ही बाजूंवर मारावे. चारही कोपऱ्यांवरून असे केले की प्रत्येक बाजूवर दोन खुणा येतात, आणि त्याच ताऱ्याच्या आठ टोकांच्या जागा. खुणांवरून सरळ आत रेघा घेऊन कोपऱ्यांचे चौरस आखावेत, आणि त्याच खुणांवरून कर्णाला समांतर रेघा मध्यरेषेपर्यंत न्याव्यात, म्हणजे बाजूंचे त्रिकोण तयार होतात; उरलेला भाग म्हणजे तारा. त्यातला एक चौकोन जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर गिरवून कापला की तो साचा वर्षानुवर्षे टिकतो. मात्र या साच्यात माया नसते. त्याच्या कडेने आखलेली रेघ शिवणीची असते आणि कात्री तिच्या बाहेर पाव इंचावरून फिरवायची असते.

कापडाच्या धाग्याची दिशा हा या ब्लॉकमधला खरा कसोटीचा विषय आहे, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. पट्टीतून कापलेल्या प्रत्येक चौकोनाच्या दोन बाजू सरळ धाग्यावर येतात आणि दोन उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या. उरेब कड हातात घेतली की ओढली जाते, आणि अशा दोन कडा एकमेकींना जोडल्या तर तारा मध्यावर टोपीसारखा फुगतो. म्हणून जोडताना शक्य तिथे एकाची सरळ कड दुसऱ्याच्या उरेब कडेला लावावी, म्हणजे सरळ कड तिला धरून ठेवते. सव्वासहा इंचांचा चौरस कर्णावर एकदा न कापता दोनदा का कापायचा, याचे उत्तरही इथेच आहे: तसे कापल्याने त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते आणि ब्लॉकची बाहेरची कड ताणली जात नाही. कापण्यापूर्वी कापडाला हलकी खळ देऊन इस्त्री केली तर उरेब कडाही बऱ्याच ताब्यात राहतात. पण आपले काम पावसाळ्यात चालणार आहे आणि कोल्हापूरच्या दमट हवेत खळ दिलेले कापड घडी करून ठेवले तर बुरशी आणि किडे लागतात. त्या आठवड्यात लागेल तेवढ्याच कापडाला खळ द्यावी.

कापडाच्या खरेदीविषयी एवढेच लिहिते की ताऱ्यामागचे पांढरे किंवा बदामी कापड सर्वांसाठी एकाच ताग्यातून घ्यावे आणि ते एकीनेच धुऊन, सुकवून, कापून वाटावे. इचलकरंजीचे सुती पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक या कामाला उत्तम आहे आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात अख्खा तागा घेणे परवडते. सुती म्हणून मिश्र कापड हाती पडू नये यासाठी एक धागा काढून जाळून पाहावा. सुती धाग्याची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. लाल आणि गर्द निळ्या कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवून त्यावर इस्त्री फिरवावी. माझ्या एका गोधडीत हे करायचे राहिले आणि पहिल्याच धुण्यात अठरा पांढऱ्या चौरसांवर गुलाबी डाग पडले, ते आजही आहेत. खणाचे कापड वापरण्याचा मोह होईल. त्याची वीण सैल असते आणि टोकाशी धागे सुटतात, म्हणून खण ताऱ्यात न घेता गोधडीच्या बाहेरच्या काठाला लावावा. तिथे तो शोभूनही दिसेल.

खरे कापड कापण्याआधी प्रत्येकीने मायेची एक परीक्षा द्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकीला एक जोडाव्यात. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि तिन्ही मिळून साडेतीन इंच भरल्या तर माया योग्य आहे. प्रत्येक कडेला अर्धा सूत माया जास्त गेली तर एका टिपेत दोन्ही तुकड्यांचा मिळून एक सूत जातो. सहा तुकड्यांच्या ओळीत पाच टिपा असतात, म्हणजे पाच सूत, आणि ब्लॉक अर्ध्या इंचाहून जास्त आखूड होतो. मशीनच्या पट्टीवर पाव इंचाच्या अंतरावर चिकटपट्टीचे तीन-चार थर लावून एक कठडा केला की कापड आपोआप मापात चालते.

जोडण्याचा क्रम असा ठेवावा. सर्व तुकड्यांच्या उलट बाजूला, प्रत्येक कोपऱ्यात, जिथे दोन शिवणरेघा मिळतात तिथे पेन्सिलने ठिपका द्यावा. दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत शिवावेत आणि त्यांच्या खाचेत त्रिकोण बसवावा. अशा चार जोड्या तयार होतील. मग दोन-दोन जोड्या जोडून दोन अर्धे तारे करावेत, त्यांतल्या खाचांत कोपऱ्याचे चौरस बसवावेत, आणि अर्धे तारे एकमेकांना जोडल्यावर उरलेल्या दोन खाचा भराव्यात. खाच बसवताना टीप नेहमी आतल्या ठिपक्यापासून बाहेर न्यावी. एक बाजू शिवून झाली की दोरा तोडावा, चौकोनांची माया बोटाने बाजूला सारावी आणि दुसरी बाजू पुन्हा त्याच ठिपक्यापासून सुरू करावी. सुलट बाजूला खाचेच्या तळाशी बारीक चुणी दिसली तर सुई ठिपक्याच्या पुढे गेली आहे असे समजावे. तेवढे दोन टाके उसवले की चुणी मोकळी होते, सगळी टीप उसवण्याची गरज नसते. उलट तिथे बारीक भोक दिसले तर टीप ठिपक्याच्या अलीकडेच थांबली आहे.

मध्यबिंदूवर आठ टोके आणि त्यांची माया एकत्र येते. दोन अर्धे जोडण्यापूर्वी एक टाचणी दोन्ही मध्यठिपक्यांतून उभी आरपार घालावी, ती तशीच उभी ठेवून तिच्या दोन्ही अंगांना एकेक टाचणी लावावी आणि मगच उभी टाचणी काढावी. सर्व टिपा ठिपक्यांवर थांबवलेल्या असतील तर इस्त्री करताना आठही माया एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळवता येतात, आणि मागच्या बाजूला मध्यभागी आठ पाकळ्यांचे छोटेसे फूल उमलते. ब्लॉक घरून आणल्यावर मी सर्वांत आधी तो पालथा करून हे फूल पाहते. इस्त्री सरकवू नये, उचलून ठेवावी.

ज्या दोघींना बारीक दिसत नाही त्यांना सोपा ब्लॉक देऊन बाजूला काढू नये. त्यांनी चौकोनांसाठी गडद एकरंगी कापड घ्यावे आणि ठिपके पांढऱ्या पेन्सिलने द्यावेत. शिवताना कापडाच्या रंगाहून वेगळा दोरा वापरायलाही हरकत नाही, कारण टीप आतच राहते. काम दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी बसून करावे. आकार मोठे असल्याने हा ब्लॉक त्यांना कंपासपेक्षा नक्कीच मानवेल.

आपण अकरा जणी आहात आणि गोधडीसाठी आडव्या रांगेत तीन आणि उभ्या रांगेत चार अशी बारा ब्लॉकची मांडणी चांगली दिसते. बारावा ब्लॉक सर्वांनी मिळून पहिल्या तीन शनिवारी करावा; तोच नमुना म्हणून टेबलावर राहील. ब्लॉक एकमेकांना थेट न जोडता मध्ये आणि कडेने २ इंचांच्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे गोधडी ४४ बाय ५८ इंच होईल, आणि शेजारच्या दोन ताऱ्यांची टोके एकमेकांशी जुळवण्याचा ताणही राहणार नाही. एखादा ब्लॉक सूतभर लहान-मोठा झाला तर तो कापून मापात आणू नये. कापले की ताऱ्याची टोके जातात. पट्टी साडेबारा इंचांचीच कापून, मध्य आणि दोन्ही टोके टाचून, ब्लॉक तिच्यात सामावून घ्यावा.

आत भरण्यासाठी पॉलिस्टरचा फुगीर थर न घेता धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी घ्यावी, कारण मध्यबिंदूवर आधीच इतके थर असतात की जाड भरणीतून सुई निघत नाही. धावदोरा घालताना आपल्या गटातल्या वाकळ शिवणाऱ्या बायका सवयीने कडेपासून सुरुवात करतील. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतानाही कडेकडून मध्याकडे जातात, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण त्या वरचे तुकडे शिवता शिवता ठेवत जातात आणि जास्तीचे कापड पुढच्या तुकड्याखाली दुमडता येते. आपला वरचा थर आधीच जोडलेला असेल. कडेपासून आत आलो तर सारा फुगवटा मध्यावर गोळा होईल आणि तिथे तो काढायला जागा नसेल. म्हणून आधी तिन्ही थरांना वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत, आणि धावदोऱ्याची सुरुवात मधल्या उभ्या रांगेतल्या दुसऱ्या व तिसऱ्या ताऱ्यामधल्या पट्टीतून करून चारी बाजूंनी बाहेर जावे.